मेडिक्लेम नाकारला किंवा कापला: पत्र हातात आल्यावर

कागदवाचक

मेडिक्लेमचे प्रश्न इथे चार धाग्यांत विखुरलेत आणि उत्तरं तीच ती द्यावी लागतात, म्हणून हा एकच धागा. 'कंपन्या लुटतात' यावर सगळ्यांचं एकमत आहे असं धरून चालू. इथे फक्त कागदांचं बोलू.

नकाराच्या पत्रात आधी कलम शोधा. आयआरडीएआयचं, म्हणजे विमा नियामकाचं, २९ मे २०२४ चं मास्टर सर्क्युलर आहे. त्यानुसार क्लेम नाकारताना पॉलिसीतली कोणती अट लावली ते कंपनीला नेमकं लिहावं लागतं, आणि क्लेम रिव्ह्यू कमिटीची मंजुरी असल्याशिवाय नकार देता येत नाही. 'अटी व शर्तींनुसार देय नाही' एवढंच पत्र आलं असेल तर कॉल सेंटरशी हुज्जत घालू नका. दोन ओळींचा मेल टाका: कलम कोणतं, आणि कमिटीची मंजुरी कोणत्या तारखेची? उत्तर आलं तर कामाचं, नाही आलं तर त्याहून कामाचं.

पत्र कोणाच्या लेटरहेडवर आहे तेही बघा. टीपीए, म्हणजे कंपनीने क्लेमच्या कामाला नेमलेली मध्यस्थ संस्था, कागद गोळा करते, हिशेब मांडते. नकार विमा कंपनीचाच लागतो. टीपीएच्या एसएमएसवर विसंबून हातपाय गाळू नका.

आणि कॅशलेस नाकारणं म्हणजे क्लेम नाकारणं नव्हे. कॅशलेस डेस्कवर कागद अपुरे पडले की 'डिनाइड' येतं. बिल स्वतः भरून तोच क्लेम रीइम्बर्समेंटला, म्हणजे भरलेले पैसे परत मागायला, टाकता येतो. अनेक जण तिथेच नाद सोडतात.

अपवादांचे नंबर सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसीत सारखे असतात. एक्सक्ल ०१ आधीपासूनचा आजार, ०२ मोतीबिंदू-हर्निया-गुडघा वगैरे ठरावीक आजारांची प्रतीक्षा, ०३ पहिले ३० दिवस, ०४ नुसत्या तपासण्यांसाठी भरती, ०८ कॉस्मेटिक, १२ दारू आणि नशा, १५ चष्म्याचा नंबर साडेसातपेक्षा कमी असताना केलेली लेझर, १६ सिद्ध न झालेले उपचार. इथे येणारे बहुतेक प्रश्न ०१ आणि ०४ चे असतात. प्रश्न विचारताना नंबर लिहा, पॉलिसी पहिल्यांदा कधी घेतली ते लिहा. कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर, पेशंटचं नाव लिहू नका.

पावसाळी_बेडूक

०४ चाच आहे. डेंग्यू, तीन दिवस भरती. 'उपचार ओपीडीत शक्य होते' म्हणून नकार. भरती व्हा असं डॉक्टरांनीच लिहून दिलंय, मग कंपनी कोण ठरवणार?

केसपेपर

'भरतीची गरज आहे' हे वाक्य पुरत नाही, गरज का होती ते लागतं. कंपनीचा डॉक्टर पेशंटला बघत नाही, कागद बघतो. त्यातही मुख्यतः भरतीच्या वेळचे व्हायटल्स, रोजचे रिपोर्ट आणि 'ॲक्टिव्ह लाइन ऑफ ट्रीटमेंट', म्हणजे घरी देता आलं नसतं असं काय दिलं.

भरतीच्या कागदावर ताप ९९, बीपी ११०/७० आणि तीन दिवस पॅरासिटामॉलच्या गोळ्या नि रोजची रक्ततपासणी (सीबीसी) एवढंच असेल, तर नकार टिकेल. खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही. पण ताप १०३, सारख्या उलट्या, पोटात दुखणं, प्लेटलेट उतरत जाणं, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) चढणं आणि सलाइन असं कागदावर असेल, तर यातल्या उलट्या, पोटदुखी आणि प्लेटलेट-हिमॅटोक्रिटचा बदल ही डेंग्यूची धोक्याची लक्षणं आहेत आणि ०४ इथे बसतच नाही.

हे सगळं डिस्चार्ज समरीत नसतं. तिथे 'ताप, अंगदुखी, कन्झर्व्हेटिव्हली मॅनेज्ड' असा एका ओळीत निकाल लावलेला असतो, आणि क्लेम त्या ओळीवरच पडतो. म्हणून रुग्णालयाकडे इनडोअर केस पेपर मागा: टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वासाच्या नोंदी), ट्रीटमेंट शीट, नर्सिंग नोट्स, इनटेक-आउटपुट. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे अर्ज केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. 'रेकॉर्ड रूम बंद आहे' म्हणाले तर ते त्याच अर्जावर लिहून मागा, बहुतेक वेळा रूम उघडते.

मग डॉक्टरांचं पत्र. सह्याद्रीएवढं नको, आकडे हवेत. असं काहीसं: 'दाखल करताना ताप १०२.८, नाडी ११८, बीपी ९४/६०, २४ तासांत सहा उलट्या, तोंडावाटे औषध टिकत नव्हतं. प्लेटलेट १.३२ लाखांवरून ३६ तासांत ६१ हजार. शिरेवाटे द्रव आणि दर सहा तासांनी निरीक्षण आवश्यक होतं, जे घरी शक्य नव्हतं.' आकडे केस पेपरातलेच असले पाहिजेत. पत्रात १०३ आणि चार्टमध्ये १०० निघालं तर होता तो क्लेमही जाईल.

पावसाळी_बेडूक

धन्यवाद. समरीत खरंच एकच ओळ आहे. उद्या रेकॉर्ड रूम.

मोगरा

०१ बद्दल. अँजिओप्लास्टी, पॉलिसीला चार वर्षं झालेली. समरीत 'के/सी/ओ हायपरटेन्शन, ५ वर्षं' आलंय, म्हणजे बीपी पाच वर्षांपासून. प्रत्यक्षात बीपी दोन वर्षांपूर्वी निघालं. कंपनीने 'माहिती लपवली' म्हणून नकार दिलाय, वर पॉलिसी रद्द करण्याची नोटीस.

केसपेपर

ही ओळ कुठून येते ते आधी समजून घ्या. कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता निवासी डॉक्टर नातेवाइकाला विचारतो, 'बीपी आहे का? किती वर्षं?' नातेवाईक घाबरलेला. 'असेल चार-पाच.' तो '५' भरतीच्या कागदावर चढतो, तिथून समरीत, तिथून टीपीएच्या स्क्रीनवर. खरं-खोटं कोणीच केलेलं नसतं, पण क्लेम त्या आकड्यावर अडतो.

तो खोडायला त्याहून जुना कागद लागतो. ज्या चिठ्ठीवर बीपीची गोळी पहिल्यांदा लिहिली ती मूळ चिठ्ठी. त्याआधीचा कुठलाही कागद ज्यावर बीपी नॉर्मल लिहिलंय: ऑफिसची वार्षिक तपासणी, दाताच्या ऑपरेशनआधीची फिटनेस चिठ्ठी, रक्तदान शिबिराचं कार्डही चालतं. केमिस्टची बिलं क्रमाने लावा.

मग ज्या डॉक्टरांच्या नावाने भरती होती त्यांच्याकडून आजच्या तारखेचं स्वतंत्र स्पष्टीकरण घ्या: नोंद नातेवाइकाच्या तोंडी माहितीवरून झाली, उपलब्ध चिठ्ठ्यांनुसार निदान अमुक महिन्यातलं. मूळ समरीवर व्हाइटनर लावून '५' चं '२' करून देणारे महाभाग आहेत. तसला कागद हातात घेऊ नका. टीपीएकडे पहिली प्रत आधीच गेलेली असते, आणि मग लपवल्याचा आरोप फसवणुकीचा होतो.

कागदवाचक

मोगरा, तुमच्या पत्रात दोन वेगळे मुद्दे एकात गुंडाळलेत, उत्तरं वेगळी द्या.

पहिला, प्रतीक्षा. आधीपासूनचा आजार म्हणजे पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत निदान किंवा उपचार झालेला आजार. १ एप्रिल २०२४ च्या नियमांपासून प्रतीक्षाही जास्तीत जास्त ३६ महिने. आधी दोन्हीकडे ४८ होते, त्यामुळे स्वतःच्या पॉलिसीचं वर्डिंग आणि शेवटच्या रिन्यूअलसोबत आलेली सूचना बघा. चार वर्षं सलग पूर्ण असतील तर बीपी पॉलिसीआधीचं होतं असं क्षणभर मानलं तरी प्रतीक्षा संपलेली आहे.

दुसरा, माहिती लपवणं. इथे मोरेटोरियम लागतो: सलग ६० महिने झाल्यावर कंपनीला माहिती न देण्याच्या मुद्द्यावर क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच. पूर्वी ९६ होते. तुमचे ६० झालेले नाहीत, म्हणून तुम्हाला वर केसपेपरने सांगितलेला पुरावाच लागणार. ज्यांनी मधे विमा रक्कम वाढवली त्यांनी लक्षात ठेवा, ३ लाखांची १० केली असेल तर वरच्या ७ लाखांसाठी घड्याळ नव्याने सुरू होतं.

रद्द करण्याच्या नोटिशीला वेगळं उत्तर द्या, मुदतीच्या आत. क्लेमच्या तक्रारीत ती बुडून गेली तर पॉलिसीही जाते.

आंबटगोड

बीपी-शुगर लिहिलं की प्रीमियम वाढतो म्हणून एजंटच लिहू देत नाही. सही मात्र आपली.

कागदवाचक

म्हणूनच भरलेल्या प्रपोजल फॉर्मची प्रत पॉलिसीसोबत आली का ते बघायचं, नसेल तर मागायची. 'नाही, नाही, नाही' अशा टिकांची रांग दिसली आणि त्यातली एक चुकीची असेल तर ३० दिवसांच्या फ्री लूकमध्ये (पॉलिसी हातात आल्यावर तपासून बघायची मुदत) मेल करून दुरुस्त करायची. एजंटला व्हॉट्सॲप केलं हा पुरावा नाही. कंपनीच्या मेल आयडीवर गेलं पाहिजे.

आणि सांगून ठेवल्याचा फायदा कसा होतो त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२१ चा मनमोहन नंदा निकाल आहे. प्रपोजलमध्ये आजार सांगितला, कंपनीने तपासून पॉलिसी दिली, तर त्याच आजाराकडे बोट दाखवून नंतर क्लेम नाकारता येत नाही.

हिशेबनीस

नकारापेक्षा कापाकापीचे प्रश्न जास्त आहेत, त्यातही रूम रेंट. लोकांना वाटतं रूम ३ हजाराने महाग घेतली तर दिवसाचे ३ हजार जातील. तसं नसतं.

समजा विमा ५ लाख, रूमची मर्यादा १ टक्का म्हणजे दिवसाला ५,०००. घेतली ८,००० ची, पाच दिवस. प्रमाण ५ भागिले ८, म्हणजे ६२.५ टक्के. बिल असं: रूम ४०,०००, सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी, नर्सिंग, व्हिजिट मिळून १,६०,०००, औषधं ४५,०००, तपासण्या २०,०००, इम्प्लांट ३८,०००, किरकोळ न मिळणाऱ्या वस्तू १२,०००. एकूण ३,१५,०००.

रूमचे मिळतील २५,०००. सर्जन-ओटीच्या गटाचे ६२.५ टक्के म्हणजे १,००,०००. औषधं, तपासण्या, इम्प्लांट यांवर प्रमाणशीर कपात लावता येत नाही, ते पूर्ण: १,०३,०००. बेरीज २,२८,०००. म्हणजे रूममुळे १५ नव्हे, ७५ हजार गेले, आणि वर १२ हजार किरकोळीचे.

आता चूक कुठे होते बघा. सेटलमेंट शीटवर सरसकट ६२.५ टक्के लावलेले असतात, औषधं-इम्प्लांटसकट. वरच्याच बिलात तसं केलं तर हातात येतात १,८९,३७५. फरक ३८,६२५ रुपयांचा, आणि तो मागून परत मिळवता येतो. शीटवर प्रत्येक ओळीसमोर 'बिल्ड' आणि 'अप्रूव्ह्ड' असतं. औषधांच्या ओळीचा भागाकार करून बघा. ०.६२५ आलं तर सापडली चूक.

आयसीयूच्या खर्चावरही प्रमाणशीर कपात नाही. आणि ज्या रुग्णालयात सर्जनची फी रूमच्या वर्गानुसार बदलतच नाही तिथे ही कपात लावायचीच नाही. रुग्णालयाचं रेटकार्ड मागा, जनरल आणि सिंगलला ओटीचा दर एकच दिसला तर तो कागद अपिलाला जोडा. मुंबईत मोठ्या रुग्णालयांत दर बहुधा वर्गानुसार बदलतात, लहान नर्सिंग होममध्ये बऱ्याचदा बदलत नाहीत.

भांडुपची_मनी

आणि त्या १२ हजारांचं काय? डायपर ठीक, पण टूथपेस्ट, गाउन, ब्लँकेट, 'फाइल ओपनिंग चार्जेस'?

हिशेबनीस

चार याद्या आहेत. पहिलीतल्या ६८ वस्तू खिशातूनच: डायपर, क्रेप बँडेज, पेशंटच्या आहाराशिवायचं खाणं, अटेंडंटचे पैसे. त्यासाठी कन्झ्युमेबल्सचा रायडर, म्हणजे किरकोळ वस्तूंचं जादा संरक्षण, घेतलेला असेल तरच मिळतात.

गंमत दुसरी, तिसरी, चौथीत आहे. दुसऱ्या यादीतल्या वस्तू रूमच्या दरात धरलेल्या असतात (गाउन, ब्लँकेट, फाइल ओपनिंग, एसी, पल्स ऑक्सिमीटर), तिसरीतल्या ऑपरेशनच्या दरात (कापूस, गॉज, सर्जिकल ब्लेड, एप्रन), चौथीतल्या उपचाराच्या दरात (रजिस्ट्रेशन फी, युरिन बॅग, सॅनिटायझर). कंपनी त्या वेगळ्या देणार नाही, हे बरोबरच. पण मग रुग्णालयाने त्या वेगळ्या लावायच्याच नव्हत्या. हे भांडण बिलिंग काउंटरवर, डिस्चार्जआधी, अंतरिम बिल हातात असताना. पैसे भरून घरी आल्यावर काउंटर ओळखही दाखवत नाही.

शिवडीकर

झोनचा कोपे कोणी लिहिला नाही. पॉलिसी रत्नागिरी किंवा साताऱ्याच्या पत्त्यावर, प्रीमियम स्वस्त पडतो म्हणून. ऑपरेशन परळला. ज्या पॉलिसीत शहरांनुसार प्रीमियमचे झोन आहेत तिथे मुंबई वरच्या झोनमध्ये, आणि खालच्या झोनचा पत्ता असेल तर प्रत्येक क्लेमला ठरावीक टक्के आपल्या खिशातून. गावाकडच्या आईवडिलांची पॉलिसी काढताना हे हमखास राहतं. सीआयएसमध्ये, म्हणजे पॉलिसीसोबतच्या माहितीपत्रकात, 'को-पेमेंट' च्या रकान्यात सापडेल. अपघातात किंवा इमर्जन्सीत तो माफ आहे का, तेही तिथेच बघा.

मोगरा

'रीझनेबल अँड कस्टमरी' म्हणून ४० हजार कापले असतील तर? पॉलिसीत मर्यादा कुठेच नाही.

कागदवाचक

त्या शब्दांची व्याख्या पॉलिसीतच आहे: त्या रुग्णालयाचा नेहमीचा दर, आणि त्याच भौगोलिक भागात तशाच सेवेला चालू असलेल्या दरांशी मिळता. म्हणून विचारायचं, तुलना कोणत्या रुग्णालयांशी केली आणि कोणत्या दरपत्रकाने. अंधेरीच्या मल्टिस्पेशालिटीची तुलना टिटवाळ्याच्या दहा खाटांच्या नर्सिंग होमशी होत नाही. फक्त सरकारी कंपन्यांच्या पीपीएन (ठरलेल्या दराच्या रुग्णालयांचं जाळं) पॅकेजचा प्रकार वेगळा. तिथे रुग्णालयाने ऑपरेशनचा दर आधीच कबूल केलेला असतो, आणि वरचे पैसे पेशंटकडून घेतले असतील तर तक्रार रुग्णालयाची.

भांडुपची_मनी

कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरकडून (तक्रार अधिकारी) पोपटपंची आली. पुढे सांताक्रूझला विमा लोकपालाकडे का?

टेबल_नंबर_चार

भांडुप असेल तर सांताक्रूझ नाही, ठाणे. लोक इथेच चुकतात. विमा लोकपालाचं मुंबई कार्यालय सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडवर जीवन सेवा ॲनेक्समध्ये आहे, पण एम पूर्व, एम पश्चिम, एन, एस आणि टी हे वॉर्ड, म्हणजे ढोबळमानाने गोवंडी-मानखुर्द, चेंबूर, घाटकोपर, विक्रोळी-भांडुप, मुलुंड, तसंच ठाणे, नवी मुंबई, रायगड, पालघर हे ठाणे कार्यालयाकडे. वॉर्ड कोणता ते मालमत्ता कराच्या बिलावर असतं. तक्रार ऑनलाइनच टाका, फेरी वाचते.

अटी: आधी कंपनीला लेखी तक्रार, मग एक महिना थांबणं किंवा त्याआधी आलेलं नकाराचं उत्तर. त्यानंतर एका वर्षाच्या आत. मर्यादा ५० लाख. फी नाही, वकील चालत नाही. तक्रार नोंदली की सहा-अ नमुना सही करून परत मागतात. तो मेल स्पॅममध्ये जातो आणि फाइल तिथेच पडून राहते, म्हणून स्पॅम बघत राहा. कंपनी आपली बाजू मांडणारी टिपणी पाठवते, तिला एससीएन म्हणतात. ती सुनावणीआधी मागून घ्या. बऱ्याचदा त्यात नकारपत्रात नसलेलं नवंच कारण असतं, आणि 'हे कारण पत्रात नव्हतं' हा तुमचा पहिला मुद्दा होतो.

निवाडा कंपनीवर बंधनकारक. ३० दिवसांत पाळला नाही तर दिवसाला ५,००० रुपये पॉलिसीधारकाला.

आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवरही तक्रार टाका (फोन १५५२५५), पण ते निवाडा देत नाहीत, कंपनीकडून उत्तर काढून देतात. त्याचा टोकन नंबर अर्जात लिहा.

आंबटगोड

त्यापेक्षा थेट ग्राहक आयोग. मानसिक त्रासाची भरपाईही मिळते.

टेबल_नंबर_चार

मिळते, पण तारखा बघा. क्रम महत्त्वाचा आहे: लोकपालाचा निवाडा पटला नाही तर आयोगात जाता येतं, आयोगात दावा चालू असेल तर लोकपाल तेच प्रकरण घेत नाही. म्हणून आधी लोकपाल. आयोगाची मुदत दोन वर्षं, ती लोकपालाकडे वाट बघताना संपू देऊ नका. जिल्हा आयोगाची हद्द भरलेल्या प्रीमियमवर ठरते, ५० लाखांपर्यंत, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य, म्हणजे तुमचा-आमचा दावा फुकटच. दावा राहत्या जिल्ह्यात टाकता येतो. मसुदा जमत नसेल तर विलेपार्ल्याला मुंबई ग्राहक पंचायतीचं मार्गदर्शन केंद्र आहे.

शिवडीकर

ऑफिसची ग्रुप पॉलिसी असेल तर ई-कार्ड बघून काही कळत नाही. एचआरकडून मास्टर पॉलिसीच्या अटींचं पत्रक मागा; पालकांना कोपे, रूमची मर्यादा, कागद पाठवायची मुदत तिथेच असते. मुदत उलटली म्हणून नाकारलं असेल आणि उशिराला खरं कारण असेल (पेशंट आयसीयूत, रुग्णालयाने कागद उशिरा दिले), तर आयआरडीएआयचं २० सप्टेंबर २०११ चं परिपत्रक जोडा. नुसत्या उशिरावर खरा क्लेम नाकारू नये असं त्यात आहे.

पावसाळी_बेडूक

डिस्चार्जच्या दिवशी कंपनीने कॅशलेसची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते, ते तीन तास कधीपासून मोजायचे? सकाळी दहाला डॉक्टर 'जा' म्हणतात, रात्री नऊला सुटका.

हिशेबनीस

डॉक्टरांच्या 'जा' पासून नाही, रुग्णालयाची अंतिम विनंती कंपनीकडे पोचल्यापासून. दहा ते चार फाइल फार्मसी क्लिअरन्स नि बिलिंगमध्ये फिरत असते. टीपीए डेस्कला विचारा, 'अपलोड किती वाजता केलं?' आणि स्क्रीनवरची वेळ लिहून घ्या. त्यापुढे तीन तास उलटले आणि रुग्णालयाने जादा दिवस लावला, तर तो खर्च कंपनीने सोसायचा, पॉलिसीच्या रकमेतून नाही. वेळ लिहिलेली नसेल तर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

मोगरा

केसपेपर, २०२१ च्या ऑफिस तपासणीचा रिपोर्ट सापडला, बीपी १२२/७८. पण त्यावर डॉक्टरची सही नाही, नुसता लॅबचा शिक्का आहे.

केसपेपर

चालेल, पण लॅबकडून पुन्हा प्रिंट घ्या, सही आणि रजिस्ट्रेशन नंबरसकट. जुन्या प्रतीसोबत दोन्ही जोडा, एकच नको.